एका रात्रीचा पाहुणा

१९९६ सालच्या दिवाळीच्या सुटीतली गोष्ट. बुटीबोरीच्या आमच्या वस्तीत त्या संध्याकाळी एक पाहुणा यायचा होता आणि मुले दुपारपासून रस्त्याकडे डोळे लावून बसली होती. पाहुणा म्हणजे कोणी माणूस नव्हे. तो होता भाड्याने आणलेला व्हिडिओ गेम. पाच घरांनी आठ-आठ रुपये वर्गणी काढली, तेव्हा एका रात्रीच्या भाड्याचे ४० रुपये जमले. अनामत म्हणून बाबांचे मनगटी घड्याळ दुकानदाराकडे ठेवावे लागले. सकाळी आठच्या आत वस्तू परत केली नाही, तर दुसऱ्या दिवसाचे भाडे लागणार होते.

नागपूरपासून दक्षिणेला, वर्धा रोडवर तीसेक किलोमीटरवरचे हे आमचे गाव. औद्योगिक वसाहत वाढत होती. इंडोरामाचा पॉलिएस्टरचा मोठा कारखाना याच दशकात येथे उभा राहिला. खेड्यापाड्यांतली माणसे पाळीवर जाऊ लागली होती. हाती पगार येत होता, पण तो महिनाअखेरीपर्यंत पुरवावा लागे. त्यात व्हिडिओ गेम विकत घेण्याचा विचार कोणाच्या मनातही येत नसे.

वस्तीत आमच्याकडे टीव्ही होता, तोही १४ इंची, काळा-पांढरा. अँटेनाची वायर काढून तेथे गेमची वायर खोचायची आणि चॅनलचे बटण बारीक-बारीक फिरवीत बसायचे. पडद्यावरच्या मुंग्यांतून मारिओ दिसू लागला की "आला, आला! आता हलवू नका!" असा गलका व्हायचा. वायरचे टोक सैल होते. ते कोणीतरी बोटांनी दाबून धरल्याशिवाय चित्र ठरत नव्हते. हे काम आमच्या ताईकडे आले. ती तेव्हा सोळा वर्षांची होती.

रात्रभर मुलांचे नंबर लागले. ताई वायर धरून होती. पहाटे केव्हातरी ती म्हणाली, "मले एक डाव खेळू द्या ना रे." त्यावर कोणीतरी म्हणाले, "पोरीले कायले पाहिजे गेम?" सगळे हसले. आम्हीही हसलो. साडेसात वाजता बाबा गेम पिशवीत घालून परत करायला निघाले.

ही गोष्ट आम्ही विसरून गेलो होतो. ती आठवली, ती ताईच्या मुलामुळे.

भंगारातली पेटी

आमचा भाचा आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक झालेला आहे. येथल्याच एका कारखान्यात तो ठेकेदाराकडे कामाला होता. ठेका संपला आणि मुलगा घरी बसला. अशा दिवसांत त्याने एकदा कबाड्याकडून १५० रुपयांना एक मळकी, पिवळी पडलेली वस्तू आणली. दिसायला संगणकाच्या कीबोर्डसारखी. वरच्या बाजूला कॅसेट खोचायची खाच, बाजूला दोन रिमोटच्या वायरी. त्यातली एक तुटलेली.

ताईचा संताप अनावर झाला. "घरात किराणा भराचा आहे, आन् तू भंगार इकत आणतं?"

"भंगार नाही आई, कंप्युटर होय हे," तो म्हणाला.

दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, असे आम्हाला आज वाटते. ज्या घरात महिन्याचा हिशेब वहीत लिहिला जातो, तेथे १५० रुपये ही लहान रक्कम नव्हे. पण मुलगा काय म्हणत होता, तेही समजून घ्यायला हवे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

घरगुती संगणक म्हणजे काय?

आज संगणक म्हटला की त्याचा वेगळा पडदा, माऊस, इंटरनेट हे सारे डोळ्यांसमोर येते. पण १९८० नंतरच्या काही वर्षांत घरगुती संगणक म्हणजे नुसता कीबोर्ड असे. यंत्राचे सारे पोट त्यातच. पडदा म्हणून घरातलाच टीव्ही जोडायचा. १९८२ साली इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने 'झेडएक्स स्पेक्ट्रम' काढला. त्याची किंमत १२५ पौंडांपासून सुरू होत होती. त्याच्या मोठ्या नमुन्याची स्मृती अवघी ४८ किलोबाइट. आजच्या मोबाइलमधला एक साधा फोटोही त्यात मावणार नाही. त्याचे गेम गाण्यांच्या साध्या ऑडिओ कॅसेटवर मिळत. टेपरेकॉर्डर जोडून कॅसेट लावायची आणि किर्र-किर्र आवाज ऐकत चार-पाच मिनिटे थांबायचे, तेव्हा कोठे गेम सुरू होई.

या यंत्रांची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. बटण दाबले की पडद्यावर तयार चित्रे येत नसत. यंत्र आज्ञेची वाट पाहत थांबे. 'बेसिक' नावाच्या सोप्या संगणक-भाषेत चार ओळी लिहिल्या की ते काम करी. त्यामुळे गेम खेळायला बसलेले मूल आपोआप दोन आज्ञा शिकून उठे. इंग्लंडमधली पुढची कितीतरी संगणक-तज्ज्ञ मंडळी अशीच घडली.

आपल्या देशात काय होते? परदेशी यंत्रांवर कडक निर्बंध आणि भरमसाट जकात होती. नोव्हेंबर १९८४ मध्ये नवे संगणक धोरण आले, तेव्हा दार थोडे उघडले. त्याच वर्षी केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाची योजना सुरू केली. 'बीबीसी मायक्रो' नावाचे इंग्रजी संगणक आरंभी सुमारे २५० शाळांना देण्यात आले. एवढ्या मोठ्या देशात २५० शाळा! सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रमचीही परवान्याने बनवलेली आवृत्ती 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने भारतात विकली गेली. ज्यांच्या घरी ती आली, त्यांची मुले आज चाळिशी-पन्नाशी ओलांडून त्या दिवसांच्या आठवणी काढतात. आमच्या वस्तीत त्याचे नावही कोणी ऐकले नव्हते.

पैसा आणि परवाना नसताना लोकांनी काय केले, याचे एक उदाहरण तेव्हाच्या युगोस्लाव्हियातले आहे. तेथेही परदेशी संगणक आणणे अवघड होते. व्होया अँतोनिच नावाच्या अभियंत्याने 'गालाक्सिया' हा साधा संगणक तयार केला आणि १९८४ च्या सुरुवातीला त्याचा संपूर्ण नकाशा एका मासिकाच्या विशेषांकात छापून दिला. कोणता भाग कोठे जोडायचा, हे वाचून हजारो लोकांनी घरच्या टेबलावर आपापला संगणक जोडला. मासिक वाचून संगणक! छापील कागदाने केलेले हे काम वाचून आम्हाला फार बरे वाटले.

आपल्याकडे आले ते गेम

आमच्या वस्तीत संगणक आला नाही, पण त्याचा धाकटा भाऊ आला. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली 'फॅमिकॉम' हा टीव्हीला जोडायचा खेळ काढला. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' याच यंत्रावरचा. पुढे त्याच्या नकला तैवान-चीनमधून जगभर गेल्या. आपल्या बाजारात 'समुराई', 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर' अशा नावांनी हे डबे मिळत. यांतल्या बहुतेक नकलांना मूळ कंपनीची परवानगी नव्हती, हे खरे. पण गरिबाच्या घरात हे तंत्रज्ञान पोहोचले ते याच वाटेने, हेही तितकेच खरे.

'९९९९ इन १' अशी कॅसेट कोणाला आठवत नाही? लावल्यावर कळायचे की खेळ मोजकेच आहेत; तेच तेच नाव बदलून पुन्हा दिले आहेत. तरी दुसऱ्या दिवशी तीच कॅसेट आणायची. 'काँट्रा'मध्ये सुरुवातीलाच वर-वर, खाली-खाली, डावे-उजवे, डावे-उजवे, मग बी आणि ए दाबले की ३० जीव मिळत. ही युक्ती इंटरनेट नसतानाही नागपूरपासून वर्ध्यापर्यंत सगळ्या पोरांना ठाऊक होती. नागपूरच्या पार्लरमध्ये रुपयात एक डाव मिळे. तेथे 'मुस्तफा' नावाचा खेळ गाजला. त्याचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स'. १९९३ सालचा, कॅपकॉम या जपानी कंपनीचा. पण त्यातल्या मुस्तफा नावाच्या गड्यावरून आपल्या पोरांनी त्याचे बारसे केले आणि तेच नाव चालले.

यातलीच एक पुढची पायरी म्हणजे कीबोर्ड असलेला गेम. निन्टेंडोने १९८४ साली जपानात फॅमिकॉमसाठी कीबोर्ड आणि 'फॅमिली बेसिक' काढले होते. त्यावरून नकलाकारांनी संपूर्ण यंत्रच कीबोर्डच्या आकारात बसवले. टायपिंग शिकवणारी आणि बेसिकची सोय असलेली एक कॅसेट सोबत मिळे. दुकानदार तो 'कंप्युटर' म्हणून विकायचे. आई-बाप शिक्षणासाठी म्हणून घेत आणि मुले मारिओ खेळत. भाच्याने कबाड्याकडून आणली ती पेटी हीच.

दुरुस्ती

पेटी सुरू होत नव्हती. भाच्याने ती उघडली. कोणीतरी भलताच अडॅप्टर लावल्याने आतले ७८०५ जळाले होते. इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांना हा तीन पायांचा भाग तोंडपाठ असतो. अडॅप्टरकडून आलेल्या ९ व्होल्टचे तो ५ व्होल्ट करून देतो. उरलेली वीज उष्णता होऊन जाते. अगदी थोड्या पैशांत मिळणारा हा भाग त्याने बदलला. फुगलेला एक कंडेन्सर काढून नवा बसवला. तुटलेली वायर जोडली. कॅसेटच्या पितळी पट्ट्या काळ्या पडल्या होत्या, त्या खोडरबराने घासल्या.

येथे आमचे एक जुने ज्ञान खोटे ठरले. कॅसेट चालली नाही की आपण सारे तिच्यात फुंकर मारत असू. भाचा म्हणाला, "मामा, फुंकरीनं काही होत नव्हतं. तुम्ही कॅसेट काढून पुन्हा लावत होते, त्यानं चालायची." फुंकरीतल्या ओलाव्याने उलट पट्ट्यांना गंज चढतो म्हणे. इतकी वर्षे आम्ही रोगच वाढवीत होतो!

कॅसेटसोबत बदके मारायची बंदूकही होती. ती घरच्या नव्या सपाट टीव्हीवर चालेना. त्याचे कारणही गमतीचे आहे. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीतून गोळी सुटत नाही. उलट तिच्या तोंडातला डोळा पडद्यावरचा उजेड पाहतो. उजेड दिसला तर नेम लागला. जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर हे त्याच क्षणी घडते. नव्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येते आणि नेम हुकतो. म्हणूनच जगभरचे छंदी लोक जुने डबा टीव्ही जपून ठेवतात. ज्याला आपण अडगळ म्हणतो, त्याच्याशिवाय तो खेळच पुरा होत नाही.

हे सारे खेळ आज मोबाइलवरही चालतात, मग ही खटपट कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. १९९७ पासून 'मेम' नावाच्या आज्ञावलीने पार्लरमधली जुनी यंत्रे संगणकावर हुबेहूब चालवून दाखवली आहेत. त्याचा उपयोग मोठा आहे. अमेरिकेत २०२३ साली झालेल्या एका अभ्यासात दिसले की २०१० पूर्वी तेथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळतच नाहीत. कोणी जपले नाहीत तर ते नाहीसे होतील. पण मोबाइलवर खेळ मिळाला तरी यंत्र उघडायला मिळत नाही. इंग्लंडमध्ये ही उणीव जाणकारांच्या ध्यानात आली. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांची संख्या आणि तयारी घटली. घरगुती संगणक गेल्याने मुलांची हाताने शिकण्याची सवयही गेली, असे त्यांना वाटले. त्यातूनच २०१२ साली 'रास्पबेरी पाय' हा तळहाताएवढा स्वस्त संगणक निघाला. २०२० मध्ये त्याची कीबोर्डच्या पोटातली आवृत्तीही आली. म्हणजे गाडी फिरून पुन्हा जुन्या घरगुती संगणकाच्या आकारावर आली!

ताईचा डाव

एका रविवारी भाच्याने पेटी टीव्हीला जोडली. रंगीत चित्र आले. मारिओची टोपी लाल असते, हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. आमच्या आठवणीतला मारिओ राखाडीच होता.

भाच्याने रिमोट आमच्यापुढे धरला. आम्ही तो ताईच्या हाती दिला. "मले नाही येत," ती म्हणाली. मग बसली. पहिल्याच खड्ड्यात मारिओ पडला. दुसऱ्यांदाही पडला. पाचव्यांदा तो खड्डा पार झाला तेव्हा ती मोठ्याने हसली आणि म्हणाली, "त्या रात्री तुम्ही सारे याच खड्ड्यात मरत होते. मी वायर धरून पाहत होती ना!"

आम्हाला काही बोलता आले नाही. तिला सारे आठवत होते. कोणी किती डाव खेळला, कोण कोठे हरला, हेही. खेळायला न मिळालेल्या माणसाला खेळ अधिक पाठ असतो, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. ज्या वस्तीत सगळेच वंचित होते, तेथेही रिमोट आधी मुलग्यांच्या हाती गेला आणि वायर मुलीच्या. चाळीस रुपयांतले आठ आमच्या घरचे होते. त्यात ताईचा वाटा नव्हता काय?

पुढे ताईने एमएस-सीआयटी केले. २००१ साली सुरू झालेला हा अभ्यासक्रम महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. शासकीय नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र लागते म्हणून अनेकींनी तो केला. दोन लेकरांची आई झाल्यावर ताईने पहिल्यांदा कीबोर्डला हात लावला. म्हणून भाच्याने कॅसेटमधले बेसिक सुरू करून दिले, तेव्हा ती बिचकली नाही. त्याने सांगितल्याप्रमाणे तिने दोन ओळी लिहिल्या. पहिलीत आपले नाव छापण्याची आज्ञा, दुसरीत पुन्हा पहिलीकडे जाण्याची. बटण दाबताच पडदाभर तिचेच नाव धावू लागले. अक्षरे इंग्रजी होती. देवनागरी त्या पेटीला येत नाही. ताई बराच वेळ पाहत राहिली. मग लाइट गेली आणि सारे पुसले गेले. त्या पेटीत लिहिलेले साठवण्याची सोय नाही.

"राहू दे," ती भाच्याला म्हणाली. "आली का मंग पुन्हा लिहीन."

छंद करावा, पण हिशेबाने

घरात जुना गेम किंवा संगणक असेल तर काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. वर्षानुवर्षे बंद असलेली वस्तू एकदम सुरू करू नका. अडॅप्टरवर व्होल्ट किती आणि प्लस-मायनस कसे आहे ते पाहा. अनेक गेममध्ये ते नेहमीच्या उलट असते. आतला सेल गळाला असेल तर काढून टाका. जुना ट्यूबचा टीव्ही मात्र मुलांना कधीही उघडू देऊ नका. बंद केल्यावरही त्याच्या आत जीवघेणी वीज साठून राहते. ते काम जाणत्या मेकॅनिकचेच आहे.

तांब्यासाठी वायरी जाळण्याची वाईट सवय वस्त्यांत दिसते. तो धूर आपल्याच लेकरांच्या छातीत जातो. दुरुस्त होणार नाही अशी वस्तू ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्यावी. त्यासाठीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशात लागू आहेत.

आणि पैशाबद्दल. मोठ्या शहरांत जुन्या वस्तूंचे भाव चढू लागले आहेत. जुन्याच्या नावाखाली नवी नक्कल गळ्यात मारणारेही आहेत. कर्ज काढून किंवा किराणा थांबवून हा छंद करू नये. भाच्याने ताईला दिलेला शब्द आम्हाला योग्य वाटतो: पगार झाल्यावर घरखर्च आधी, आणि महिन्याला ठरलेल्या रकमेबाहेर एक पैसा नाही.

भाच्याला या पेटीमुळे नोकरी लागली, असे आम्ही सांगणार नाही. तसे झाले नाही. तो आता दुसऱ्या कारखान्यात जातो, तेही ठेक्यावरच. पण रविवारी शेजारपाजारची पोरे त्याच्याभोवती बसतात. कोणी बंद पडलेला रिमोट आणतो, कोणी रेडिओ. तो त्यांना कावीया कसा धरायचा ते दाखवतो. त्यात दोन मुलीही असतात. नंबर कोणाचा, हे ठरवायला ताई जवळच बसलेली असते, आणि पहिला नंबर ती मुलींना देते.

वायर आता कोणाला धरावी लागत नाही. भाच्याने ती नीट सोल्डर करून टाकली आहे.